दोन दिवसांचा बेत

बेत करण्यात जी मजा असते ती प्रत्यक्ष जाण्यात नसते, असे म्हणतात. माझ्या बाबतीत अडचण अशी की, आमच्या घरात बेत करण्याची पद्धतच नाही. आमच्याकडे माणसे जातात ती लग्नाला, बाराव्याला, जत्रेला, नाहीतर दवाखान्यात. नुसते जाऊन बसायचे आणि परत यायचे, याला मालवणीत काय म्हणतात ते मला अजून सापडलेले नाही.

हे खूळ डोक्यात शिरले ते वर्गातल्या एका मैत्रिणीमुळे. तिच्या मामाकडचे लोक नाशिकला जाऊन आले होते. गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचे पाणी, त्याच्या आसपास द्राक्षांचे मळे, मळ्यातच वाइनचा कारखाना. पाहुण्यांना तो फिरवून दाखवतात आणि पेल्यातून थोडी थोडी वाइन चाखायला देतात. तिथल्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि आता शनिवार-रविवारी तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. “दोन दिवस काही म्हणजे काही केले नाही,” असे मामी म्हणाली म्हणे. मला त्या वाइनपेक्षा हे वाक्य जास्त चढले.

घरी येऊन मी आईला सगळे वर्णन करून सांगितले. ती चुलीपुढे होती. सगळे ऐकून म्हणाली, “दारू पिवक लोक नाशकाक जातत? आणि हंय नाक्यार धरतत!”

वाचकहो, तिचे काही चुकले नव्हते. बाहेरच्या माणसाला इन्सुली म्हणजे नाका, एवढेच ठाऊक असते. गोव्याहून येणारी गाडी आमच्या गावात थांबवून तपासतात. पलीकडे जी बाटली दुकानात मांडलेली असते, तीच अलीकडे परवान्याशिवाय आली तर गुन्हा! काजूला काही ही सीमा कळत नाही. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड दोन्ही बाजूंना सारखेच फोफावले. एप्रिलमध्ये तिकडे बोंडू कोळंबीत तुडवतात, निरो काढतात, भट्टीवर चढवून आधी हुर्राक आणि मग फेणी. त्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्याकडे बी पिळून घ्यायची आणि बोंडू झाडाखाली टाकायचा. काही गुरे खातात, बाकीचे कुजतात. त्या दिवसांत आमच्या सगळ्या वाडीला गोड, आंबूस वास येतो. तो वास घ्यायला मात्र कोणी पैसे देऊन येत नाही.

म्हणजे डोंगर आहेत, दारूचे झाड आहे, राहिले पाणी. तेही अर्ध्या तासावर आहे. सावंतवाडीचा मोती तलाव १८७४ सालचा. एका काठाला राजवाडा, दुसऱ्या काठाला बाजार, बसायला कट्टे. मी रोज कॉलेजला जाताना तो पाहते. आईसुद्धा शेकडो वेळा त्याच्या कडेने गेली असेल, पण हातात पिशवी घेऊन, गाडी चुकेल म्हणून धावत. ती तिथे कधी बसलेली नाही.

माझा बेत ठरला. शनिवार-रविवार, मी आणि आई. शिकवण्यांचे सहाशे रुपये साठले होते. कागदावर मी सगळे लिहून काढले : केशवसुत कट्ट्यावर बसणे, चितारआळीत लाकडी फळे पाहणे, संध्याकाळी पुन्हा बसणे. ‘बसणे’ दोनदा आले होते, ते मुद्दामच ठेवले.

अडले ते मुक्कामापाशी. सावंतवाडीत मावशी आहे. पण मावशीकडे गेले की आई तासाभरात पदर खोचून तिच्या चुलीपाशी जाणार, हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट होते. म्हणून मी लॉजचे नाव काढले. आई माझ्याकडे बघतच राहिली. “घर आसताना लॉजार रवाक आमका कोणी भायर काढल्यान काय? लोक काय म्हणतले?” बाबा टेम्पोवरून नुकतेच आले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त हसले. मला त्या हसण्याचाच राग आला.

तरीही एका दुपारी मी एका लॉजवर चौकशीला गेले. काउंटरवरच्या काकांनी वही पुढे ओढली. गाव? इन्सुली. त्यांनी मान वर केली. येण्याचे कारण? आमच्या घरातले सगळे फॉर्म मीच भरते. रेशनचे, बँकेचे, शिष्यवृत्तीचे. कोणत्या रकान्यापाशी मी अडले नव्हते. इथे अडले. “काही नाही,” मी म्हटले. काकांनी पेन खाली ठेवले आणि फार मायेने विचारले, “घरी काय भांडण झाला काय गो?”

मी तिथून जवळजवळ पळालेच.

मग आईनेच मार्ग काढला. ती काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाते. टरफलातल्या तेलाने तिची बोटे काळी पडली आहेत. कितीही घासली तरी ती उजळत नाहीत. हल्ली तिला बारीक दिसत नाही, गरात टरफल राहते आणि बोलणी बसतात. “डोळे दाखवूचे आसत,” ती म्हणाली, “तेवाच बसया तुझ्या तळ्यार.” म्हशीला पाणी दाखवायला शेजारची काकी तयार झाली. दोन दिवसांचा एक दिवस झाला आणि एका दिवसाची एक दुपार. पण कारण मिळाले होते!

डॉक्टरांकडून सुटायला चार वाजले. चष्म्यात सहाशेतले बरेचसे गेले. आम्ही कट्ट्यावर जाऊन बसलो. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले. गावात ती असे करत नाही. गावात सगळ्यांचीच बोटे तशी. थोडा वेळ गेला. राजवाड्याची सावली पाण्यावर हलत होती. पलीकडे एक कुटुंब आले, फोटो काढून निघूनही गेले.

“आता काय करूचा?” आईने विचारले.

“काय नाय. बसूचा.”

तिने मान डोलावली, जणू मी तिला एखादे नवीन काम समजावून दिले होते. मग ती अगदी मन लावून बसली. किती वेळ ते मी पाहिले नाही. ती काहीच बोलत नव्हती, मलाही बोलावेसे वाटले नाही. मध्ये एकदा हात पदरातून बाहेर आले आणि मांडीवर नुसते पडून राहिले. तिचे हात रिकामे असे मी कधी पाहिले नव्हते. जरा विचित्रच वाटले.

बांद्याची गाडी स्टँडवर लागायची वेळ झाली. गाडीच्या आधी अर्धा तास जाऊन उभे राहायचे, ही आईची जन्माची सवय. मी पिशवी उचलली.

“ही जावंदे,” पाण्याकडे बघत आई म्हणाली, “मागसून दुसरी आसा मां?”