डाग जिथे, चीर तिथे नाही

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)

चि. छकुलीस,


जुहूच्या हँगरमध्ये तुला सेस्ना १७२च्या पंखातली टाकी खरवडायला बसवलंय, हे फोनवर तू इतकी वैतागून सांगत होतीस की मला हसू आवरेना. इंजिन उघडायची हौस आणि हातात प्लास्टिकची पट्टी! तुझी आई तर म्हणाली, "एवढं शिकून हेच का?" म्हणून हे पत्र.

आमच्या सोसायटीची गच्ची आठवते? दर पावसाळ्यात आमच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल यायची. कंत्राटदार यायचा, ओलीच्या बरोबर वर डांबर फासायचा, पैसे घेऊन जायचा. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने कोबा उकरला, तेव्हा चीर निघाली पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या पायाशी.

तुझ्या पंखातही हेच आहे. नव्या १७२मध्ये वेगळी टाकी नसते. पंखाचा पोकळ भागच सीलंटने बंद करून टाकी केलेली असते. दोन्ही पंखांत मिळून सुमारे २१२ लिटर पेट्रोल. शिकाऊ पोरांच्या लँडिंगचे हादरे आणि उन्हातला ताप सोसून रिव्हेटभोवतीचा सीलंट कडक होतो, सुटतो. अ‍ॅवगॅस, म्हणजे हे विमानाचं पेट्रोल, निळं, म्हणून पंखाखाली निळा डाग उमटतो. पण पेट्रोल आतल्या सांध्याच्या कडेने सरकत येऊन भलतीकडेच बाहेर पडलेलं असतं. म्हणून डागाशी बाहेरून हलकी हवा सोडायची आणि आत साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा येईल ती खरी जागा.

हेच काम करताना मीही एकदा चुकलो. सकाळी विमान हवं होतं, म्हणून बाहेरूनच लेप लावला. थोड्याच दिवसांत डाग परत हजर. बाहेरच्या लेपाला पेट्रोल ढकलून देतं. आतून लावलेल्याला तेच पेट्रोल सांध्यावर दाबून धरतं. तेवढं कळायला मला ती फजिती लागली.

म्हणून आतला जुना सीलंट खरवडण्याला कमी लेखू नकोस. टाकीतली वाफ गेली हे मापकावर बघितल्याशिवाय हात आत घालायचा नाही. धातूची पट्टी वापरायची नाही. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा गेला की गंजायला तिथूनच सुरुवात. सफाईचं सॉल्व्हंट उडून जायच्या आत स्वच्छ फडक्याने पुसायचं, नाहीतर विरघळलेला मळ तिथेच बसतो. सीलंटच्या डब्यावर 'बी-२' असेल तर 'बी' म्हणजे पट्टीने लावायचा घट्ट, आणि '२' म्हणजे कालवल्यावर दोन तास तो लावता येतो. पण हा हिशेब पंचवीस अंश आणि बेताच्या दमट हवेचा. जुहूच्या पावसाळ्यात तो त्याआधीच आळतो, म्हणून थोडा थोडाच कालव.

एकदा झाकण बसलं की तू आत काय केलंस ते कुणालाच दिसणार नाही. इंजिनिअर लॉगबुकात सही करेल ती तुझ्या शब्दावर, आणि पहिल्यांदा एकटं उडणारं एखादं पोर त्या सहीवर विसंबून वर जाईल.

"झालं का गं?" असं विचारत कोणीतरी येईलच. सीलंट अजून सुकला नसेल, तर "नाही" म्हण.

तुझा,
मामा