अक्षरशत्रू

आमच्या छापखान्यात शिशाचे खिळे होते, तोवर अक्षर म्हणजे माझ्या लेखी वजनावर मिळणारा माल. बुरहानपूरची गिऱ्हाईकं मराठी, हिंदी आणि उर्दू अशी तिन्ही भाषांची. उर्दू पत्रिका कातिब हाताने लिहून देत आणि माथ्यावर 786 घालत. अलिफचा 1, बेचे 2, जीमचे 3, दालचे 4 असे आकडे लावले की संपूर्ण बिस्मिल्लाची बेरीज 786 होते, हे त्यांनीच मला सांगितलं. मी हसलो होतो. अक्षरांची कसली बेरीज! बोलण्याचंही माझं तसंच. ‘आपण तोंडावर बोलतो, पोटात ठेवत नाही,’ हे मी अभिमानाने सांगायचो.

1988च्या लग्नसराईत एका पत्रिकेत ‘मंदा’ची ‘मदा’ झाली. मुलीचा बाप चार पाहुणे घेऊन आला. प्रूफ मीच तपासलं होतं. तरी मी आमच्या जुळाऱ्याकडे वळलो. वयाने मोठे, एरवी मी त्यांना काका म्हणे. त्या दिवशी अरेतुरेवर आलो. म्हणालो, “अक्षरशत्रू आहेस तू!” ते पांढरेफटक पडले. हातातले खिळे त्यांनी एकेक करून खणात टाकले, हात धुतले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

आमच्या बुरहानपूरच्या जामा मशिदीत फारुकी राजवटीतला संस्कृत शिलालेख आहे. अरबी लेखाबरोबर तोही त्याच छताखाली, आणि त्याची सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्कार करून होते. तो मला अक्षर अक्षर लावून वाचून दाखवला होता याच काकांनी. शके 1511 हा आकडाही त्यांनीच बोट रोखून दाखवला होता.

पुढे ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले. मी मात्र ‘खरं बोललो, त्यात काय चुकलं?’ असंच म्हणत राहिलो.

मत बदललं ते अलिबागला. नात्यातल्या लग्नाला गेलो असताना इस्रायल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग बघायला गेलो. तिथे एक बेने इस्रायली ज्यू आजोबा भेटले. अस्सल कोकणी वळणाचं मराठी. “पूर्वी आमची माणसं याला मशीदच म्हणायची,” ते म्हणाले. छापखानेवाला म्हणून मी हिब्रू अक्षरांबद्दल विचारलं. ते बोटांवर मोजत म्हणू लागले, “आलेफ, बेत, गिमेल, दालेत. एक, दोन, तीन, चार.” मी चमकलो. हा तर आमच्या कातिबाचाच क्रम!

मग ते सांगत गेले. अक्षरं 22. तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी हातानेच लिहायची, अक्षरं 3,04,805. त्यातलं एक जरी गळलं किंवा तुटलं, तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. लिहिणाऱ्याने प्रत्येक शब्द आधी तोंडाने उच्चारायचा, मग लेखणी टेकवायची. हिब्रूत ‘दावार’ म्हणजे शब्द, आणि ‘दावार’ म्हणजेच वस्तू. बोललेलं हवेत विरत नाही, ते जगात एक वस्तू होऊन राहतं. मी मुकाट ऐकत होतो. शेवटी ते म्हणाले, “चारचौघांत कुणाला लाजवणं हे आमच्यात रक्त सांडण्यासारखं मानतात. लाजलेल्याचा चेहरा पांढरा पडतो ना? रक्त उतरलेलं असतं.”

मला काकांचा चेहरा दिसला.

आकड्यांत शक्ती असते, असं मी आजही मानत नाही. पण एका अक्षरापायी अख्खी गुंडाळी थांबवणारी माणसं मला आता खुळी वाटत नाहीत. मी अनुस्वारासाठी माणूस मोडला; त्यांनी अक्षर जपता जपता माणसाला जपायचाही नियम केला. आमच्याच गावात कबीर निर्णय मंदिर आहे, शब्दाची पारख करायला शिकवणारं. त्याच्यावरून मी जन्मभर सायकल हाणली, आत गेलो नाही. जुळवलेले खिळे मोडून परत खणात टाकता येतात. तोंडातून गेलेल्या शब्दाला खण नसतो, हे खिळ्यांत जन्म काढलेल्या मला अलिबागेत कळावं!

परत आल्यावर काकांचं घर शोधलं. वय झालेलं, नजर गेलेली. त्यांनी आत बोलावलं. मी आत गेलो नाही. ओट्यावरच उभा राहिलो, शेजारच्यांना हाका मारल्या, आणि प्रूफ माझ्या हातचं होतं हे सांगून सगळ्यांसमोर माफी मागितली. अपमान चारचौघांत केला होता.