ओंजळींतलें विमान

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें बागकाम करावें, पत्ते खेळावे, फार झालें तर सतारीवर बोटें फिरवावीं. यांतल्या कशालाहि समाज हसत नाहीं. परंतु असा गृहस्थ रात्रीं दिव्याखालीं बसून प्लॅस्टिकचें विमान जोडूं लागला, कीं घरांतल्या माणसांच्या मुखावर एक विशिष्ट स्मित उमटतें. आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों, आणि गेलीं कांहीं वर्षें हें स्मित निमूटपणें सहन करीत आलों आहों. आज त्याला थोडें उत्तर द्यावें अशी इच्छा आहे.

या छंदाचा इतिहास वाटतो तितका बालिश नाहीं. सुट्या भागांचे प्लॅस्टिकचे विमानसंच इंग्लंडांत १९३६ सालीं ‘फ्रॉग पेंग्विन’ या नांवानें विकावयास आले. त्यांचें प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे मूळ वस्तूचे सहा फूट येथें एक इंच, आणि धिप्पाड वैमानिक अंगठ्याच्या पेराएवढा. पुढें १९४२ सालीं अमेरिकेच्या आरमारानें शाळांतील मुलांकडे याच प्रमाणाचीं पांच लाख लांकडी विमानें मागितलीं. आकाशांत दिसणारें विमान स्वकीयांचें कीं शत्रूचें, हें सैनिकांना आकृतीवरून ओळखतां यावें हा हेतु. पंखाचा कोन चुकला, तर आपल्याच माणसावर गोळी सुटावयाची! तेव्हां लहान वस्तूंतला अचूकपणा हा नेहमींच लहान विषय असतो, असें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मेजावर जें विमान आलें, तें ‘नॅट’. नॅट म्हणजे चिलट. नांव अगदीं अन्वर्थक आहे. लढाऊ विमानें दिवसेंदिवस जड व महाग होत चाललीं आहेत हें पाहून पेटर नांवाच्या इंग्रज इंजिनिअरानें हें जेट विमान मुद्दाम लहान व हलकें रचिलें. १९५५ सालीं तें प्रथम उडालें. इंग्लंडच्या हवाई दलानें शिक्षणासाठीं त्याची दोन आसनांची आवृत्ति घेतली. एका आसनाच्या लढाऊ विमानाचा मोठा स्वीकार भारतानें केला, आणि बंगळूरच्या कारखान्यांत तें तयार होऊं लागलें. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारें पावणेसात मीटर. प्रतिपक्षाच्या सेबर विमानाचा अकरा मीटरांहून अधिक. या चिलटानें १९६५ च्या युद्धांत सेबरांशीं झुंज दिली. १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरावर नॅटमधूनच लढतां लढतां फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों धारातीर्थीं पडले. भारतीय हवाई दलाला लाभलेलें एकमेव परमवीरचक्र तें त्यांचें.

बाजारांत सहज आढळतो तो संच दोन आसनी नॅटचा, ‘रेड ॲरोज’ या इंग्रज कसरतपथकाच्या लाल रंगांतला. त्यावर आपला रंग फासून भागत नाहीं, कारण त्याचे पंख मोठे आणि अंगहि लांब. म्हणून एका आसनाचा संच चेक देशांतून मागवावा लागला. पुरें झालेलें विमान साडेबारा सेंटीमीटर लांब भरतें. ओंजळींत सहज मावतें.

जोडण्याच्या कामाला स्वतःचें एक शास्त्र आहे. खरें नॅट तीन चाकांवर उभें राहतें, परंतु त्याचें चिमुकलें रूप शेपटीवर बसूं पाहतें. म्हणून नाकाच्या पोकळींत आधीं शिशाचे छर्रे भरावे आणि मगच दोन्ही अंगें जुळवावीं. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झांकण झटपट सुकणाऱ्या गोंदानें चिकटवूं नये, त्याच्या वाफेनें तें धुकट होतें. सांध्यांत लुकण भरून तो पाण्यानें भिजविलेल्या पॉलिशपेपरनें इतका घासावा, कीं नखाला लागूं नये. एवढें साधलें म्हणजे निम्मी मजल झाली; कारण खरा प्रश्न यानंतर उभा राहतो. हें विमान कोणतें? संचांतली छापील पत्रिका जाति सांगते, व्यक्ति सांगत नाहीं. कारखान्यांतून निघतांना सगळीं विमानें सारखीं असतात. पुढें ऊन, धूर, तेल आणि माणसांचे हात लागून प्रत्येकाचें रूप वेगळें होतें.

याच ठिकाणीं आमच्या मामांचा प्रवेश झाला. मामा साताऱ्याकडचे. १९७१ सालीं ते हवाई दलांत शस्त्रास्त्रांचे फिटर होते, आणि नॅटच्या तोफा साफ करणें व भरणें हें त्यांचें काम होतें. आतां वय शहात्तर, दृष्टि कांचबिंदूनें बरीचशी गेलेली. पन्नास वर्षांत त्यांनीं या नोकरीविषयीं आम्हांला चार वाक्यें सांगितलीं असतील. लग्नकार्यांत कोणीं विचारलेंच तर, “आम्ही काय, पाने-पक्कड हलवणारे. उडणारे निराळे,” एवढें बोलून ते विषय संपवीत.

अर्धवट झालेलें विमान आम्हीं त्यांच्या ओंजळींत ठेवलें. ते तें चांचपूं लागले. हवा घेणाऱ्या मुखाच्या कडेवर त्यांचा अंगठा थांबला. “तोफ इथं. दोन्ही बाजूंना एकेक, तीस मिलिमीटरची,” ते म्हणाले. “अडकायची रे कधीं कधीं. रात्रभर उघडून पुसलेली असायची, तरी अडकायची. वर गेलेला पोरगा काय म्हणत असेल, याचा विचार करीत खालीं उभं राहायचं.” मग बोट पोटाखालीं गेलें. “चाकांचीं दारं नीट कर. हवेंत वेग कमी करायला हींच अर्धीं उघडायचीं.”

रंगाची गोष्ट निघाली, तेव्हां आम्हीं पत्रिकेंतले क्रमांक वाचून दाखविले. मामा हसले. “कसला क्रमांक? आमच्या तळावर मिळेल तो रंग घोळला आणि हातानं फासला. जागोजागच्या बारीक सूचना त्याखालीं गेल्या. लागतील तेवढ्या आम्हीच परत लिहिल्या. तोफेच्या झडपेवरची माझ्या हातची होती.”

आम्हीं जुनीं छायाचित्रें धुंडाळलीं. त्यांत मामांचें विमान नव्हतें. आणि इतर विमानांवरून त्यांचें म्हणणें खरेंहि ठरेना, खोटेंहि ठरेना. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा पेंच परका नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या कामापुढें आमचें काम म्हणजे सूर्यापुढें काजवा. तरी प्रश्नाची जात तीच. मूळ प्रत हातीं नसतां पाठ कोणाचा धरावा? छापील पाठ स्वच्छ असतो, परंतु स्वच्छ तें खरें असा नियम नाहीं. आम्हीं लिहिणाऱ्या हाताचा पाठ धरला. संचांतल्या सगळ्या सुबक सूचना बाजूला ठेवल्या, आणि झडपेवर मामांनीं सांगितलेली एकच ओळ दोन केसांच्या कुंचल्यानें लिहिली. पांच सेंटीमीटरांचें अक्षर या प्रमाणांत मिलिमीटरभरहि उरत नाहीं. तें सरळ येणें शक्य नव्हतें, आणि मामांचेंहि तेव्हां घाईंत सरळ आलें नव्हतें म्हणे.

एके रात्रीं आमच्या कन्येनें रोकडा प्रश्न टाकला, “बाबा, माणसं मारायचं यंत्र तुम्ही दिवाणखान्यांत मांडणार?” आम्ही तात्त्विक उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, तोंच मामा बोलले. “मला विचार, बाळ. तें भरून मी देत होतों. तोफा रिकाम्या होऊन आल्या कीं आम्ही खूष. कुणावर रिकाम्या झाल्या, हें तेव्हां कुणी विचारत नव्हतं. आतां मी विचारतों.” यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

१९६५ च्या सप्टेंबरांत एक नॅट पाकिस्तानांत पसरूरच्या धावपट्टीवर उतरलें, आणि तें आज कराचीच्या संग्रहालयांत आहे. तेथील मुलांना तें विजयचिन्ह म्हणून दाखवितात. आपल्याकडे तीच आकृति शौर्याची खूण म्हणून चौथऱ्यावर उभी असते. दोन्हीकडे ती उड्डाणाची गोष्ट सांगते. ज्यांनीं तिला पुसलें, भरलें, आणि परत येईपर्यंत खालीं उभें राहून वाट पाहिली, त्यांची गोष्ट तींत येत नाहीं. म्हणून आम्हीं आपलें विमान उडतें केलें नाहीं. तें जमिनीवर आहे, आसन रिकामें आहे, आणि पात्यानें कापून तोफेची झडप उघडी ठेवली आहे. त्याचें मोल आकृतीच्या अचूकपणांत थोडें, आणि त्या निमित्तानें एका वृद्धाला पन्नास वर्षांनीं बोलतां आलें, यांत अधिक आहे. प्रौढ माणसाच्या खेळण्याला याहून निराळें समर्थन आम्हांला सुचत नाहीं.

विमान कांचेच्या कपाटांत ठेवावें, असा घरांतल्यांचा आग्रह होता. तें आम्हीं मामांच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवलें आहे. ते आले कीं तें हातांत घेतात. अंगठा फिरून फिरून झडपेजवळचा रंग झिजूं लागला आहे. तो आम्ही पुन्हां लावीत नाहीं.