सेल वाचवणारी आजी

गेल्या जूनमध्ये न कळवता साताऱ्याला गेलो आणि घराच्या दारात वीस मिनिटं बेल वाजवत उभा राहिलो. आई शाळेत, आत आजी. फोन केला, तर त्याची रिंग बंद दारातून मला ऐकू येत होती, तिला नाही. शेवटी शेजारच्या काकूंकडून किल्ली आणली.

आजी मेथी निवडत बसली होती. मला बघून तिनं आधी डबीतून कानाचं मशीन काढलं, कानात बसवलं, मग म्हणाली, "कधी आलास? अरे, दुपारी बोलायला कोणी नसतं. कशाला उगाच सेल जाळायचा?"

गंमत म्हणजे मी पोटापाण्यासाठी हेच करतो. हाक मारली की जागं होणाऱ्या उपकरणांचं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. त्यातला माइक मसुराच्या दाण्याएवढा. आवाजानं त्याचा पडदा थरथरतो आणि अगदी क्षीण व्होल्टेज तयार होतं. ते दर वेळी नेमकं मोजणं विजेच्या हिशेबात महाग. म्हणून सिग्मा-डेल्टा सर्किट एकच ढोबळ प्रश्न विचारतं : अंदाजापेक्षा जास्त की कमी? उत्तर १ किंवा ०. राहिलेली चूक उधारीसारखी पुढच्या खेपेला ओढायची. असं सेकंदाला साधारण ३० लाख वेळा. मग दर ६४ उत्तरांमागे फिल्टर एक नीट आकडा देतो. ही युक्ती १९६२ साली टोकियो विद्यापीठातल्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी मांडली.

प्रत्येक प्रश्नाला थोडी वीज लागतेच. म्हणून शांतता असली की आम्ही क्लॉक चौथाईवर आणतो. आवाजाचा दर्जा उतरतो, पण हाक कळते. माइक पेंगतो, झोपत नाही. आजी मात्र पूर्ण बंद.

मी शहाणपणा केला. "आजी, हे झिंक-एअर सेल आहेत. स्टिकर काढला की हवा आत जाते. मशीन बंद ठेवलंस तरी काही आठवड्यांत सेल जाणारच."

"म्हणजे वाचवलं ते वायाच?"

"बरंचसं."

"मग बोल की काहीतरी."

माझ्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. तो मिटला. काय बोलावं सुचेना, म्हणून हे सर्किटच समजावायला लागलो. उधारीपर्यंत आलो तशी ती हसली. "तुझ्या आजोबांच्या दुकानात अशीच वही होती." मग गिऱ्हाइकं, बुडालेले पैसे, एका दुष्काळात आजोबांनी फाडून टाकलेली पानं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मशीननं सेल संपत आल्याची टुकटुक केली. आजीनं नवा सेल काढून स्टिकर सोलला. "लगेच घालू नकोस, दोन मिनिटं हवा लागू दे," मी खुणेनं सांगितलं.

ती दोन मिनिटं आम्ही दोघं सेलकडे बघत गप्प बसलो.