हुलसूरच्या शेंगा आणि आमच्या तिसऱ्या

मागे बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरला व्याह्यांकडे गेलो होतो. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगांची चटणी. गोव्याचा पाहुणा म्हटल्यावर मासळीचा विषय निघालाच. मी तिसऱ्यांच्या सुक्याचं वर्णन सुरू केलं. "शिंपल्यातलं बाधत नाही का?" व्याह्यांनी विचारलं. मी आईचा नियम ऐकवला. उकळल्यावर तोंड न उघडलेली तिसरी टाकायची, बाकी उकळलं की सगळं मरतं!

व्याही हसले. "बुरशीच्या शेंगा कितीबी भाजा, त्यातलं वाईट जातंय व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचलं, आणि चरकलो.

तिसऱ्या, शिनाणे, कालवं पाणी गाळून सूक्ष्म शेवाळ खातात. त्यातली काही शेवाळं सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते शिंपल्याच्या मांसात साठतं, पण चव, वास, रंग काही बदलत नाही. ते उकळीने जात नाही, आंबटातही टिकतं. म्हणजे आमची सोलंही निरुपयोगी! आपल्या मज्जातंतूंत सोडियम आत जाण्याच्या सूक्ष्म वाटा असतात. हा रेणू त्यांच्या तोंडात बुचासारखा बसतो. निरोप थांबतो. आधी ओठ-जीभ मुंग्या येऊन बधिर होतात, मग बोटं, आणि जास्त विष गेलं तर श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस मात्र शुद्धीवर असतो. उतारा नाही. कृत्रिम श्वास देऊन वेळ निभावली, तर शरीर विष बाहेर टाकतं. म्हणूनच अनेक देशांत एक किलो मांसात 800 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे.

हे दूरदेशीचं नव्हे. 1983 साली मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळे इथे खाडीतल्या तिसऱ्या खाऊन एक मुलगा दगावला. 1997 साली केरळात विळिंजमला शिनाणे खाऊन सात जण गेले, शेकडो इस्पितळात पोचले. त्यांच्याही घरी शिनाणे उकळलेच असतील ना?

आईचा नियम खोटा नाही. मेलेली, कुजलेली तिसरी त्याने टळते. पण या विषाची शिंपली जिवंत असते आणि छान तोंड उघडते. इथे तपासणीच हवी.

तिसऱ्या मी सोडलेल्या नाहीत. मात्र खाडीचं पाणी रंग बदललेलं दिसलं की त्या आठवड्यात घेत नाही, आणि पाणी नितळ असलं तरी निर्धास्त नसतो. जेवल्यावर कुणाचे ओठ बधिरले, तर लिंबूपाण्यात वेळ न घालवता थेट इस्पितळ, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

व्याह्यांना फोन करून कबूल केलं, "तुमचं खरं होतं." ते म्हणाले, "आमच्या शेंगा निदान कडू तरी लागत्यात!"