माजघरातला मुका स्पीकर

टोकावडे, आषाढ. ओटीवर भीमसेनांची तान चालू असते आणि वाय-फायवर तेच गाणं वाजवणारा माजघरातला स्पीकर मधेच मुका होतो. आई म्हणते, माळशेजचा पाऊस. माझा संशय राउटरवर. लाइट जाऊन आली की तो गर्दीचा चॅनल पकडतो. 2.4 गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल मोजके: 1, 6, 11. मी 11 कायम केला.

तरी अडखळणं उरलंच. उशिरा पोचलेला आवाजाचा तुकडा स्पीकर गाळतो. वाजवला तर दोन खोल्यांत सम वेगळी पडेल. हा शिस्तीचा भाग मला आवडला! पण मधली भिंत हातभर जाड, दगडी. अखेर लॅनची वायर ओढली. बिनतारीचा हट्ट फ्लॅटच्या पातळ भिंतींना शोभतो. आता पोटमाळा राहिला. तिथे उंदरांमुळे वायर पाइपातून न्यावी लागेल.