निकालांत निघालेली गाडी

यंत्रांचें आणि माझें कधींच सख्य जमलें नाहीं. घरांतील पंखा बंद पडला, तर खुर्चीवर चढून त्याच्याकडे गंभीर मुद्रेनें पाहणें एवढेंच काय तें माझें यंत्रकौशल्य; आणि तेवढें झाल्यावर आमच्या सौभाग्यवती शांतपणें वायरमनला निरोप धाडतात. महाविद्यालयांत जवळजवळ तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करूंही नये. असें असतां, गेलीं कांहीं वर्षें माझ्या सायंकाळच्या फेरफटक्याचा शेवट एका मोटारदुरुस्तीच्या शेडमध्यें, ऑइलच्या उपड्या डब्यावर बसून होतो, हें माझ्या विद्यार्थ्यांना कळलें तर तीं मुलें पोट धरधरून हंसतील. परंतु गोष्ट खरी आहे.

आमचें घर महाडास, चवदार तळ्यापासून नदीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लींत आहे. तळ्याला एक फेरी घालावयाची, तेथून हमरस्त्याकडे वळावयाचें आणि दिवेलागणीला परत यावयाचें, हा माझा नित्यक्रम. २०१८ सालचा पावसाळा संपल्यावर एके दिवशीं त्या शेडपुढील मोकळ्या जागेंत मला एक विचित्र सांगाडा दिसला. त्याच्या हिरव्या रंगाचे पोपडे निघाले होते, तोंड एका गाडीचें आणि पाठ दुसरीची होती, आणि चाकें तर इतकीं दांडगीं कीं तीं रस्त्यासाठीं केलीं असावींत असें वाटेना. मी उभा राहिलेला पाहून गाडीखालून मिस्त्री बाहेर सरकले आणि चिंधीला हात पुसत म्हणाले, "शक्तिमान आहे, सर. मिल्ट्रीच्या लिलावांतली."

मीं विनोदानें विचारलें, "म्हणजे निकालांत काढलेली?"

"त्यांनी काढली निकालांत," मिस्त्री म्हणाले, "आपण कुठं काढलीय?"

या उत्तरानें मला त्या डब्यावर बसविलें, तें आजतागायत.

शक्तिमान हें नांव माझ्या वयाच्या वाचकांना अपरिचित नसेल. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यानें जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत ही मालवाहू गाडी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार होऊं लागली आणि १९९६ पर्यंत होत राहिली. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत आपल्या सैन्याचें ओझें तिनें वाहिलें. पुढें तिच्या जागीं नव्या गाड्या आल्या, आणि जुन्या लिलावांत निघाल्या. मिस्त्रींनीं अशा तिघींचे अवशेष मिळविले होते. एकीची चेसिस शाबूत होती, पण इंजिन गेलेलें. दुसरीचें सहा सिलिंडरचें इंजिन चांगलें, पण चेसिसला चीर. तिसरीचा पुढचा एक्सल आणि पोलादी दोर गुंडाळणारें विंच एवढेंच कामाचें होतें. या तीन मढ्यांतून एक जिवंत देह उभा करावयाचा, असा त्यांचा संकल्प होता.

हा खटाटोप कशासाठीं, असें मीं विचारलें. उत्तरादाखल त्यांनीं नुसता पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे हात केला. महाड आणि पोलादपूर हीं गांवें घाटांच्या पायथ्याशीं वसलेलीं आहेत. दक्षिणेस खेडकडे जाणारा कशेडी, पूर्वेस महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी, ईशान्येस भोरकडे जाणारा वरंधा. पावसाळ्यांत यांपैकीं एखाद्या घाटांत दरड कोसळली नाहीं किंवा मालाची गाडी दरीकडे कलंडली नाहीं, असें वर्ष विरळा. त्याच वर्षीं, २८ जुलै २०१८ रोजीं, आंबेनळींत दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरींत कोसळून तीस माणसें दगावलीं होतीं. एकच काय तो वांचला. ती गोष्ट निघाली तेव्हां मिस्त्री बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "साधी क्रेनगाडी चिखलांत स्वतःच रुतते, सर. चारी चाकांना जोर पाहिजे."

चारी चाकांना जोर म्हणजे काय, हें समजून घ्यावयास मला दोन संध्याकाळी लागल्या. सामान्य मालगाडींत इंजिनाची शक्ति मागच्या चाकांना मिळते. पुढचीं चाकें केवळ दिशा दाखवितात. लष्करी गाडींत गिअरबॉक्सच्या पाठीमागें आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यांतून एक दांडा मागें आणि एक पुढें जातो, आणि चारही चाकें ओढूं लागतात. त्याच पेटींत संथ गतीचा दांता असतो. तो टाकला कीं गाडी माणसाच्या चालीनें चालते, परंतु वेग जितका उतरतो तितका ओढण्याचा जोर चढतो. मला यांत थोडें शिक्षणशास्त्रही दिसलें. पण तें मीं मिस्त्रींना सांगितलें नाहीं, आणि वाचकांनाही सांगत नाहीं.

एक गोष्ट मात्र ध्यानांत राहिली. इंजिनाला हवा घेण्याची नळी बॉनेटजवळ होती. ती मिस्त्रींनीं बंद केली आणि टपाच्याही वर जाणारी नवी नळी जोडली. "पेट्रोलची गाडी पाण्यांत ठिणगी भिजली की मरते," ते म्हणाले. "डिझेलला ठिणगी लागतच नाही, नुसत्या दाबानं पेटतं. त्याला श्वास मिळाला पाहिजे, बस्स. नाक पाण्याबाहेर, तर गाडी जिवंत."

या साऱ्या उद्योगांत माझाही एक अल्प वांटा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गाडीच्या मूळ रचनेंत परवानगीवांचून फेरफार करतां येत नाहीं. तेव्हां अर्ज आले, दाखले आले, नकाशे आले. आणि तें सर्व इंग्रजींत लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. वर्ड्‌स्वर्थवर आयुष्य वेंचल्यानंतर एक्सलच्या रुंदीवर चार ओळी लिहितांना मला जो घाम फुटला, त्याचें वर्णन करीत नाहीं. पण अर्ज मंजूर झाला तेव्हां आमच्या शेडमध्यें पेढे वांटले गेले.

'आमच्या शेडमध्यें' असें लिहून गेलों. तें तसेंच राहूं द्यावें.

अर्ज लिहितां लिहितां मिस्त्रींच्या घराण्याची हकीकत निघाली. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धांत महार रेजिमेंटमध्यें होते. ही रेजिमेंट १९४१ सालीं बेळगांवास उभी राहिली. आजोबा तेथें मोटार चालविण्यास शिकले आणि युद्ध संपल्यावर घरीं आले. त्या काळीं देशांत ठिकठिकाणीं परदेशी लष्करी गाड्यांचे ढीग पडले होते. नुसत्या जनरल मोटर्सनेंच अडीच टनी, सहाही चाकांना जोर असलेल्या गाड्या युद्धकाळांत पांच लाखांहून अधिक बांधल्या होत्या. फोर्ड, शेव्हर्ले, डॉज यांच्या निराळ्याच. युद्ध संपतांच त्यांतील कित्येक निकालांत निघाल्या. ज्याच्याजवळ थोडें भांडवल होतें त्यानें ती विकत घ्यावी, सुताराकडून तिच्यावर लांकडी हौदा चढवावा आणि धंद्याला लागावें, असे ते दिवस होते. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली; तिचा पसारा वाढेपर्यंत माणसेंही पुष्कळदां अशाच खाजगी गाड्यांतून जात. अशीच एक गाडी मिस्त्रींचे आजोबा दुसऱ्याच्या चाकरींत या रस्त्यावर चालवीत. माल लांकडाचा, भाताचा, कधीं मिठाचा.

"गाडी पण मिल्ट्रीनं टाकलेली, अन् आजा पण," मिस्त्री म्हणाले, "दोघांचं बरं जमलं."

हें वाक्य ऐकून मी घरीं आलों आणि पुस्तकें काढून बसलों. सैन्यानें टाकलेलीं माणसें, ही आमच्या भागांतील फार जुनी गोष्ट आहे. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यांत महार शिपायांनीं पिढ्यान् पिढ्या चाकरी केली; पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद करण्यांत आली. ती पुन्हां सुरू व्हावी म्हणून महाडजवळच्या रावढळचे निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनीं सरकारासाठीं अर्ज तयार केला होता. १९१७ सालीं पहिल्या महायुद्धांत गरज पडली, तेव्हां महारांची पलटण उभारली. १९२१ सालीं ती मोडली. १९४१ सालीं गरज पडली, पुन्हां उभारली. यंत्रांचा लिलाव करतांना निदान त्यांची किंमत तरी ठरवितात.

सैन्यांतून परतलेल्या या माणसांनीं बाहेरचें जग पाहिलें होतें, आणि त्यांच्या घरांत अक्षरओळख शिरली होती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या मागून जो समुदाय चवदार तळ्यावर गेला, त्यांत अशा घरांतील माणसें होतीं. मिस्त्रींचे पणजोबा होते. त्यांच्या खांद्यावर सात वर्षांचे आजोबा होते. तळें सर्वांना खुलें असल्याचा ठराव येथील नगरपालिकेनें १९२४ सालींच केला होता. परंतु ठराव कागदावर राहिला आणि पाणी तळ्यांत राहिलें. त्या दिवशीं तें ओंजळींत आलें. मग मारहाण झाली. आणि नंतर गांवांतील कांहीं मंडळींनीं पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची 'शुद्धि' केली. न्यायालयाचा अखेरचा निर्णय लागावयास १९३७ साल उजाडलें.

त्या 'कांहीं मंडळींत' माझे आजोबा होते.

हें मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्या घरीं ती गोष्ट कोणी अभिमानानें सांगत नसे, पण लपवीतही नसे. जुन्या दुखण्याचें नांव घ्यावें तशी ती कधीं तरी निघे आणि मिटे. मी तळ्याला रोज फेरी घालीत आलों. दरवर्षीं मार्चमध्यें दूरदूरच्या गांवांहून येणारीं माणसें पाहत आलों. वर्गांत स्वातंत्र्य आणि समता यांवर बोलत आलों. परंतु हें एक वाक्य मीं वर्गांत कधीं उच्चारलें नाहीं; आणि ज्यांच्या शेडमध्यें मी रोज चहा पितों, त्यांच्यापाशींही नाहीं. प्रत्येक संध्याकाळीं वाटे, आज सांगावें. मग चहा येई, आणि तो पिऊन मी उठें.

गाडी २०२० सालीं रस्त्यावर आली. ती कुरूप दिसते हें मान्य केलें पाहिजे. सौभाग्यवतींनीं तिला 'तुमचा गेंडा' असें नांव दिलें.

२२ जुलै २०२१ ची रात्र महाडकर विसरणार नाहीं. सावित्री उगम पावते महाबळेश्वरीं, आणि तेथें चोवीस तासांत सुमारें सहाशें मिलिमीटर पाऊस झाला. आषाढी पौर्णिमा तोंडावर आल्यामुळें खाडीला उधाण होतें. वरून येणारें पाणी खालीं उतरावयास जागा उरली नाहीं. आमच्या तळमजल्यावर तें प्रथम घोट्याशीं आलें, मग कमरेशीं, मग खिडक्यांच्या वर. माझी पुस्तकें खालीं होतीं, तीं गेलीं. माझी आई पंच्याऐशीं वर्षांची, दम्यानें जर्जर. तिला आम्हीं माडीवर घेतलें. वीज गेली, फोन बंद पडले. त्याच दिवशीं आमच्या तालुक्यांतील तळीये येथें डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसें गाडलीं गेलीं होतीं. पण तें आम्हांला पुष्कळ उशिरां कळलें. चहूंकडे पाणी, आणि माडीवर प्यावयाला एक तांब्याभर. पहांटे आईला धाप लागली, आणि तिनें पाणी मागितलें तेव्हां तांब्या रिकामा होता.

दुसऱ्या दिवशीं पाणी कमरेपर्यंत उतरलें असतां गल्लीच्या तोंडाशीं ओळखीची घरघर ऐकूं आली. गेंडा येत होता, माणसाच्या चालीनें, नाक पाण्याबाहेर ठेवून. हौद्यांत तीन कुटुंबें होतीं आणि पाण्याचे निळे कॅन. मिस्त्री जिन्यानें वर आले, एक कॅन खालीं ठेवला, भांडें भरलें आणि स्वतः आईच्या ओठांशीं लावलें. आईनें तें पाणी प्यालें. मग त्यांनीं तिला मुलाप्रमाणें उचलून खालीं नेलें. तिला ज्या दवाखान्यांत पोंचविलें तेथें ती दहा दिवसांत सांवरली, आणि पुढें दोन वर्षें जगली.

मी मात्र बरा झालों नाहीं. चिखल उपसून झाला, भिंती वाळल्या, आणि एके संध्याकाळीं मी शेडमध्यें गेलों. मिस्त्री गाडीखालीं होते. फक्त पाय दिसत होते. मीं त्या पायांनाच उद्देशून सांगितलें. तोंडाकडे पाहून तें मला सांगतां आलें नसतें. १९२७, घागरी, माझे आजोबा, त्यांचें नांव, सर्व. बोलणें संपलें तेव्हां खालून येणारा पान्याचा आवाज थांबला होता.

"सर," आंतून आवाज आला, "मला ठाऊक आहे. आजानं घरं दाखवली होती. ह्या घरातनं कोण आलं, त्या घरातनं कोण आलं. लहान असतांना तळ्यावर नेऊन एकेक घर दाखवलं."

"मग इतकीं वर्षें तुम्ही बोललां नाहींत?"

"तुम्ही रोज येत होतांत. म्हटलं, कधीतरी सांगतील."

मला पुढें कांहीं सुचेना. थोडा वेळ गेला. हमरस्त्यावरून गोव्याकडे गाड्या जात होत्या. मग गाडीखालून एक काळा, तेलकट हात बाहेर आला.

"तो बावीसचा पाना द्या जरा."

मीं दिला. तो चोवीसचा निघाला.